अफवा खोडताना माणूस तोडू नये

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कोन येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा, देणगीदारांच्या औदार्याचा आणि कार्यकर्त्यांच्या परिश्रमांचा आढावा या स्मरणिकेत अन्यत्र आलेलाच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय थोडा निराळा आहे. न्यासाची खरी ठेव बँकेत नसते. ती माणसांच्या परस्पर विश्वासात असते. 'विश्वस्त' हा शब्दच मुळी विश्वासातून निर्माण झाला आहे. अलीकडच्या काळात या ठेवीला एक कीड लागली आहे. ती म्हणजे कटकारस्थानांच्या कथा आणि त्यांवरून आपल्याच माणसांत होणारे वाद.

अशा कथांचा साचा ठरलेला असतो. कोणीतरी अदृश्य, बलाढ्य मंडळी सर्वसामान्यांचा घात करू पाहत आहेत. सरकार, डॉक्टर, वृत्तपत्रे हे सर्व त्यांना सामील आहेत. आणि हे गुपित फक्त संदेश पाठविणाऱ्यालाच उमगले आहे! अशा कथेविरुद्ध पुरावा दिला, तर पुरावा देणाराच कटात सामील ठरतो. मग अशी कथा मानणाऱ्या आप्ताशी वाद कसा करावा, किंबहुना करावा की करू नये, हा आज घरोघरचा प्रश्न आहे.

दुर्गाडीच्या पुलापलीकडे कल्याण आणि अलीकडे भिवंडी, अशा या व्यापारी टापूतील एका कापड पेढीची गोष्ट उदाहरणादाखल पाहू. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. काका आणि पुतण्या या पेढीचे भागीदार होते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट भरात असताना काकांच्या मोबाइलवर एक संदेश आला. रोग विषाणूमुळे नसून ५जी मनोऱ्यांच्या लहरींमुळे पसरत आहे आणि लस हा त्याच कटाचा भाग आहे, असा त्याचा आशय होता. काकांनी तो कुटुंबाच्या गटात टाकला. पुतण्या शिकलेला, तल्लख. त्याने क्षणार्धात दहा दुवे पाठविले आणि शेवटी लिहिले, "इतका व्यवहार केलात, पण अक्कल आली नाही." गटातील तरुणांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. काका त्याच रात्री गटातून बाहेर पडले.

वस्तुस्थितीच्या दृष्टीने पुतण्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने १० मे २०२१ रोजी जाहीर केले होते की, ५जी आणि कोरोना यांचा काहीही संबंध नाही आणि भारतात ५जी जाळ्याच्या चाचण्यादेखील अद्याप कोठेही सुरू झालेल्या नाहीत. प्रत्यक्ष सेवा सुरू झाली ती १ ऑक्टोबर २०२२ रोजी. म्हणजे जे मनोरे देशात कार्यरतच नव्हते, त्यांच्यावर रोगाचा आळ घेतला जात होता.

परंतु पुढे जे घडले ते लक्षात घेण्यासारखे आहे. काकांना ताप आला. चार दिवस त्यांनी तो घरात कोणाला कळू दिला नाही. ताप सांगणे म्हणजे पुतण्याचे म्हणणे कबूल करणे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. पाचव्या दिवशी श्वास लागला तेव्हा धावपळ झाली. सुदैवाने प्राणवायूची सोय झाली आणि काका वाचले. पुतण्याने वाद जिंकला होता. मात्र त्या विजयाने काकांचा मदत मागण्याचा दरवाजा बंद केला होता.

काका अडाणी होते काय? मुळीच नाही. चलन आणि बिल्टी पडताळल्याशिवाय त्यांनी कधी गाठ उतरवून घेतली नाही. थान उजेडाकडे धरून दोष हेरण्यात त्यांचा हात कोणी धरीत नसे. असा चोख माणूस निनावी संदेश न पारखता का स्वीकारतो? कारण माल पारखताना मन स्थिर असते. संदेश वाचताना मात्र भीती आधी येते, पारख मागाहून येते. त्या दिवसांत रोज ओळखीच्यांच्या निधनाच्या वार्ता येत होत्या. अशा वेळी 'हे कोणीतरी मुद्दाम करीत आहे' असे म्हणणाऱ्या कथेत एक विचित्र दिलासा असतो. निदान दोष देण्यासाठी कोणीतरी सापडते.

हे आजचेच आहे असे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. लगोलग घरांची झडती, रुग्णांना बळाने उचलून नेणे, सामानाची जाळपोळ असे सक्तीचे उपाय सुरू झाले. त्याबरोबर अफवाही उठल्या. इस्पितळात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या शरीरातून औषधी तेल काढतात, राणीच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागविली आहेत, असे लोक छातीठोकपणे सांगत. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात, भिवंडीप्रमाणेच उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीला तपासणी पथक नेऊ पाहत असताना दंगल उसळली आणि गोळीबार झाला.

काळजांची कथा खोटी होती. पण परके शिपाई घरात शिरतात, बायामाणसांच्या अंगाला हात लावतात, रुग्णाला नेतात आणि तो परत येत नाही, हे लोकांचे दुःख खोटे नव्हते. खोट्या कथेच्या पोटात बहुधा असे एखादे खरे दुःख असते. ते ऐकून न घेता केवळ कथा खोडणारा मनुष्य समोरच्याला शत्रूच वाटतो.

मग त्या काळी लोकांचे मन वळले कसे? पत्रके काढून फारसे वळले नाही. १८९८ च्या दंगलीनंतर सरकारने सक्ती सैल केली. आपापल्या समाजाने चालविलेली रुग्णालये उभी राहिली आणि आपल्या माणसांच्या हाती रुग्ण सोपविण्यास लोक तयार होऊ लागले. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी स्वतःच त्या रोगाला बळी पडल्या. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वप्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. जेमतेम वीस वर्षांच्या आगाखानांनी आपल्या अनुयायांदेखत लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. ज्यांच्यावर आधीपासून विश्वास होता, त्यांनी आधी स्वतः करून दाखविले, तेव्हा भीती ओसरू लागली.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना हाफकिनची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. पुढे त्या बाटलीत दोष शिरला तो गावात ती उघडताना, असे दिसून आले आणि १९०७ मध्ये हाफकिन आरोपमुक्त झाले. 'लस मारते' असे म्हणणाऱ्यांच्या हाती त्या पाच वर्षांत एक खरे उदाहरण होते. ते नाकारून भागले नसते. आपल्या काळातही १७ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने कोविशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या संभाव्य घटना दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतक्या आढळल्याचे जाहीर केले होते. शंका घेणाऱ्याला हे आपण होऊन सांगावे. त्याला ते दुसऱ्याकडून कळले, तर आपल्या उरलेल्या सर्व बोलण्यावरचा त्याचा विश्वास उडतो. मालातील दोष आधी दाखविणाऱ्या व्यापाऱ्याकडेच गिऱ्हाईक पुन्हा येते, हा बाजारातला अनुभव येथेही लागू पडतो.

वाद टाळून स्वस्थ बसावे, असे मात्र यातून कोणी समजू नये. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आणि मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना ठार केले. २०१४ पर्यंत हे गाव आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. गावच्या महिला सरपंचांनी आपण जमावाला समजावण्याचा खूप प्रयत्न केल्याचे नंतर सांगितले. पोलीसही आले होते. तरीही ते तिघे वाचले नाहीत. हातात काठ्या आलेल्या रात्री समजूत घालण्याची वेळ टळून गेलेली असते. ती घालायची असते आधीच्या आठवड्यात, ओट्यावर, दुकानात, जेवणाच्या पंगतीत. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि आपल्या भिवंडीत गोवराची साथ आली. कोरोनाकाळात अनेक बालकांची लस चुकली होती, तर काही घरांत लसीविषयी संशय होता. आरोग्य सेविकांना दारोदार फिरून, आईबापांशी बोलून ते काम करावे लागले. लहानग्यांच्या जिवाशी गाठ असताना मौन बाळगणे हा शहाणपणा नव्हे.

तेव्हा बोलावे, पण कसे बोलावे याचा विवेक हवा. पहिली गोष्ट, चारचौघांत, गटात, इतरांच्या देखत खोडून काढू नये, एकांतात भेटावे. चारचौघांत मनुष्य सत्यासाठी नव्हे, अब्रूसाठी लढतो. दुसरी गोष्ट, सांगण्याआधी विचारावे. "हे आपल्यापर्यंत कोठून आले? पाठविणाऱ्याची ओळख आहे काय? हे खोटे ठरले, तर आपल्याला ते कशावरून कळेल?" लिहिणाऱ्याचा पत्ता नसलेली हुंडी कोणतीही पेढी स्वीकारीत नसे, याची हळुवार आठवण द्यावी. तिसरी गोष्ट, त्याच्या बोलण्यात जेवढे खरे असेल तेवढे आधी मान्य करावे. चौथी गोष्ट, एका बैठकीत निकाल लावण्याचा हट्ट धरू नये. माघार घेण्यासाठी माणसाला वेळ लागतो आणि सन्मानाची वाटही लागते.

कधीकधी असेही ऐकू येते की, आपले तत्त्वज्ञान अनेकांताचे आहे, तेव्हा त्यांचे सत्य त्यांच्यापाशी, आपले आपल्यापाशी. ही मोठी गल्लत आहे. असलेली वस्तू अनेक बाजूंनी पाहावी, असे अनेकांत शिकवितो. नसलेली वस्तू आहे म्हणावी, असे तो शिकवीत नाही. देशात नसलेले ५जी जाळे कोणत्याही नयाने उभे राहत नाही. मात्र काका ज्या बाजूने पाहत होते, त्या बाजूला त्यांची भीती होती आणि ती खरी होती. ती पाहण्यास पुतण्या कमी पडला. अनेकांताची गरज काकांपेक्षा पुतण्याला अधिक होती.

त्या पेढीची गोष्ट पुढे अशी घडली. काका बरे होऊन घरी आले, तरी लसीचे नाव काढू देत नव्हते. पेढीवरचे वृद्ध मेहताजी रोज सायंकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत. त्यांनी एकही दुवा दाखविला नाही. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत उलटल्यावर एके दिवशी ते इतकेच म्हणाले, "शेठजी, माझे दोन्ही डोस झाले. पहिल्याला दोन दिवस अंग दुखले, दुसऱ्याला काही नाही. उद्या आपल्यासोबत येईन." दुसऱ्या दिवशी काका गेले. पुतण्यानेही काही दिवसांनी घरी जाऊन क्षमा मागितली. लस बरोबर होती याबद्दल नव्हे, तर 'अक्कल' या शब्दाबद्दल. काका आजही काही संदेशांवर विश्वास ठेवतात, पण पुढे पाठविण्यापूर्वी पुतण्याला विचारतात, "हे खरे आहे का रे?" हा प्रश्न विचारला जातो, याहून मोठा विजय वादात नसतो.

काही माणसे अखेरपर्यंत बदलणार नाहीत, हेही स्वीकारले पाहिजे. त्यांच्यासाठीही दार उघडे असावे. कारण संकटाच्या वेळी मनुष्य जिंकलेल्या पक्षाकडे जात नाही, उघड्या दाराकडे जातो. आपल्या घरांतून पाणी गाळून पिण्याची शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कानावर आलेली गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी तीही गाळून घ्यावी आणि ती न गाळता सांगणाऱ्या आपल्या माणसाला सांभाळून घ्यावे, एवढीच सुवर्णमहोत्सवी वर्षातील विनंती.

जय जिनेंद्र!