एक कोटी अंडी आणि ७.२ अंश

आजचा भाग अंड्यांवर आहे. भुर्जी बरी की ऑम्लेट, हा वाद आज बाजूला ठेवू. एका देशातली अंडी कंटेनरमध्ये भरून दुसऱ्या देशात जातात, तेव्हा तिथल्या बंदरावर ती तपासतात कशी, हे आज बघायचंय. उदाहरण अमेरिकेचं घेतोय, कारण तिथला नियम अगदी स्पष्ट आहे, आणि हल्ली त्याचा आपल्याशीही संबंध आलाय.

संबंध कसा? २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत बर्ड फ्लूमुळे अंड्यांची टंचाई झाली. कोट्यवधी कोंबड्या गेल्या. मार्च २०२५ मध्ये डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर पोचला होता. दुकानांत "एका माणसाला दोनच डझन" अशा पाट्या लागल्या. मग बाहेरून अंडी मागवायला सुरुवात झाली. तुर्कस्तानातून आली, ब्राझीलमधून आली, दक्षिण कोरियातून आली. आणि जूनमध्ये बातमी आली की तमिळनाडूतल्या नामक्कलहून अमेरिकेला सुमारे एक कोटी अंडी निघाली, २१ रेफ्रिजरेटेड कंटेनरमधून. अंड्यांचे रोजचे भाव बघणाऱ्या कुठल्याही दुकानदाराला नामक्कल हे नाव पाठ असतं. आखाती देशांना तिथून अंडी कितीतरी वर्षं जातायत. पण अमेरिका म्हणजे कित्येक आठवड्यांचा प्रवास.

आता जरा हिशोब करू. एक कोटी भागिले २१, म्हणजे एका कंटेनरमध्ये साधारण पावणेपाच लाख अंडी. समजा तुम्ही बंदरावरचे तपासनीस आहात. समोर कंटेनर उभा आहे. पावणेपाच लाखांतलं एकेक अंडं हातात घेऊन बघणार का? शक्यच नाही. मग काही पेट्या निवडायच्या, त्यातली अंडी उजेडासमोर धरायची. याला कँडलिंग म्हणतात, कारण पूर्वी हे मेणबत्तीच्या उजेडात करायचे. त्यात तडा दिसतो, रक्ताचा डाग दिसतो, आतली हवेची पोकळी किती मोठी झालीय ते दिसतं. पोकळी जितकी मोठी, तितकं अंडं जुनं. फुटलेली, गळणारी, घाण लागलेली अंडी अशी वेगळी काढता येतात.

पण ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त घाबरायला हवं, ती उजेडात दिसत नाही. तिचं नाव साल्मोनेला एंटेरिटिडिस. हा जिवाणू कोंबडीच्या अंडाशयातच असू शकतो. म्हणजे कवच तयार व्हायच्या आधीच तो अंड्याच्या आत गेलेला असतो. कोंबडी आजारी दिसत नाही. कवच स्वच्छ असतं. अंडं फोडलं तरी वास येत नाही, रंग बदलत नाही. सडलेलं अंडं आपलं नाक लगेच ओळखतं, पण हे अंडं ताज्या अंड्यासारखंच दिसतं.

मग तपासायचं काय? इथे थोडं अंड्याच्या आत जाऊन बघू.

अशा अंड्यात सुरुवातीला जिवाणू अगदी थोडे असतात, आणि बहुतेक वेळा ते पांढऱ्या भागात अडकलेले असतात. पांढरा भाग त्यांच्यासाठी वाळवंट आहे. तिथे लोह मिळत नाही, उलट जिवाणूंना मारणारी प्रथिनं असतात. खरं जेवण आहे बलकात, आणि बलकाभोवती एक पातळ पडदा आहे. तो पडदा धड असेपर्यंत जिवाणू उपाशी राहतात. अंडं उबेत राहिलं की पडदा सैल पडतो, बलकातलं पोषण बाहेर झिरपतं, आणि मग जिवाणू झपाट्याने वाढतात. थंडीत पडदा जास्त दिवस टिकतो आणि जिवाणूंची वाढही जवळजवळ थांबते. नीट लक्षात घ्या, थंडीने जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. ऊब मिळाली की पुन्हा सुरू.

म्हणून अमेरिकेच्या कायद्यात आकडा आहे ४५ फॅरनहाइट, म्हणजे ७.२ अंश सेल्सियस. मूळ कायदा १९७० चा, त्यात ही थंडीची अट १९९१ मध्ये घातली आणि प्रत्यक्ष अंमल सुरू झाला १९९९ मध्ये. ग्राहकासाठी पॅक केलेली अंडी ज्या हवेत ठेवली आहेत, त्या हवेचं तापमान ७.२ च्या वर जाता कामा नये. पेटीवर "थंड ठेवा" अशी सूचना हवी. आणि बाहेरून येणाऱ्या अंड्यांसाठी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची अट अशी की पॅकिंग झाल्यापासून ती सतत याच थंडीत असली पाहिजेत. सतत. बंदरावर पोचली तेव्हा थंड होती, एवढं पुरत नाही.

हा "सतत" शब्द आला की तपासणीचं स्वरूपच बदलतं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. सर्व्हर आत्ता चालू दिसतोय म्हणून रात्री तो बंद पडलाच नव्हता, असं कोणी म्हणत नाही. आपण लॉग उघडून बघतो. कंटेनरचंही तसंच. आज दारात थर्मामीटर ५ अंश दाखवतोय, ठीक आहे. पण मधल्या बंदरात कंटेनरचा प्लग काढला आणि तो आठ तास उन्हात उभा राहिला, मग परत जोडला, हे थर्मामीटर सांगणार नाही. ते सांगतो डेटा लॉगर. हे छोटं यंत्र पेट्यांमध्ये ठेवलेलं असतं आणि ठरावीक वेळाने तापमान टिपत राहतं. त्या आलेखात मध्येच उंचवटा दिसला की प्रश्न सुरू: कुठे, किती वेळ, किती अंश?

कंटेनरबद्दलही एक गैरसमज असतो. आपल्याला वाटतं तो म्हणजे चाकावरचा मोठा फ्रिज, गरम माल भरा, थंड होऊन जाईल. पण कंटेनर बनवलेला असतो आधीच थंड असलेला माल थंड ठेवायला. धुतलेली अंडी कोमट असतात. ती तशीच पेटीत भरली, पेट्यांची उंच थप्पी लावली, की मधल्या अंड्यांना थंड व्हायला कित्येक दिवस लागू शकतात, कारण हवा आतपर्यंत पोचतच नाही. म्हणून माल चढवण्याआधीच थंड केलेला असावा लागतो. कंटेनरमध्ये थंड हवा खालच्या खाचांमधून येते आणि वरून परत जाते. आत भिंतीवर एक रेघ असते, तिच्या वर माल रचायचा नाही. कोणी चार पेट्या जास्त बसवायच्या म्हणून ती रेघ ओलांडली, की हवेचा रस्ता बंद. बाहेरच्या डिस्प्लेवर मात्र सगळं छान दिसत राहतं!

दुसऱ्या टोकालाही धोका आहे. कोणी काळजीपोटी तापमान फारच खाली नेलं, तर शून्याच्या जरा खाली अंडं गोठतं, फुगतं आणि कवच तडकतं. त्यामुळे पट्टा अगदी अरुंद आहे.

आणि एक मजेशीर गोष्ट. तपासणीमुळेच अंडं बिघडू शकतं. थंड अंडं दमट, गरम हवेत आणलं की कवचावर पाणी जमतं, थंड कोल्ड्रिंकच्या बाटलीवर जमतं तसं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. वरची घाण आणि जिवाणू त्या पाण्याबरोबर छिद्रांतून आत शिरू शकतात. म्हणून कंटेनर भर उन्हात सताड उघडायचा नसतो. तपासणीची जागाही थंड हवी.

आता पूर्ण क्रम बघू. ज्या देशातून माल येतोय तिथे पक्ष्यांचे कुठले आजार आहेत, हे आधी बघितलं जातं. त्यावर ठरतं की अंडी दुकानात जाऊ शकतात, की फक्त फोडून पाश्चराइज करणाऱ्या कारखान्यात. मग त्या देशाच्या सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र. मग आयातदाराने तपासणीसाठी अर्ज करायचा. तपासणी होईपर्यंत माल ताब्यातच राहतो, विकता येत नाही. मग यूएसडीएचे तपासनीस कागद, लेबल, मूळ देशाचं नाव, तापमान आणि नमुन्यातली अंडी बघतात. नापास झाला तर माल परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा. पावणेपाच लाख अंडी नष्ट करायची म्हणजे किती नुकसान, विचार करा. म्हणजे प्लग नीट न लावणाऱ्या एका माणसाच्या हातात केवढं काय असतं!

इथे कोणी विचारेल, "अरे, आपल्याकडे तर अंडी दुकानात बाहेरच ट्रेमध्ये असतात. आपण काय रोज आजारी पडतो?" प्रश्न बरोबर आहे. फरक धुण्यात आहे. अंड्यावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो छिद्रं झाकतो. अमेरिकेत व्यावसायिक अंडी सहसा धुतात, त्यात तो थर जातो, म्हणून मग थंडी आणखीनच गरजेची. युरोपियन युनियनमध्ये याच्या उलट, "अ" वर्गाची अंडी सहसा धुवायलाच परवानगी नाही, आणि दुकानात ती फ्रिजबाहेर असतात. दोन्ही पद्धती चालतात, पण दोन्हींतलं अर्धं-अर्धं घेतलं की गडबड. धुतलेलं अंडं बाहेर ठेवलं, किंवा थंड केलेलं अंडं पुन्हा गरम जागी आणलं, की दोन्हीकडचं संरक्षण गेलं.

हे सगळं कागदी वाटत असेल तर एक उदाहरण. अंड्यांच्या फार्मसाठी अमेरिकेत २००९ मध्ये नवा नियम झाला: अंडं घातल्यापासून ३६ तासांनंतर ते ७.२ अंशांच्या आत हवं, शिवाय शेडमध्ये साल्मोनेलाची चाचणी. मोठ्या फार्मना तो लागू झाला जुलै २०१० मध्ये. त्याच उन्हाळ्यात आयोवा राज्यातल्या दोन फार्मची मिळून ५० कोटींहून जास्त अंडी बाजारातून परत मागवावी लागली. १,९०० हून जास्त लोक आजारी पडल्याची नोंद झाली. ती अंडी परदेशातून आलेली नव्हती, तिथलीच होती. दिसायला अर्थात एकदम छान.

म्हणून टंचाईच्या काळात मला या नियमाचं महत्त्व जास्त वाटतं. भाव चढलेले असतात, दुकानं रिकामी असतात, सगळ्यांना घाई असते. "आता थंडच आहेत ना, सोडा की!" असं म्हणायचा मोह नेमका तेव्हाच होतो. आणि अंडी तेव्हाच सगळ्यात लांबून आलेली असतात. प्रवास जितका लांब, तितकी मधली नोंद महत्त्वाची.

आता आपल्या कामाचं. अमेरिकेत शिकणाऱ्या-राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांसाठी: बऱ्याच कार्टनवर तीन आकडी संख्या असते, ती पॅकिंगचा दिवस सांगते. ००१ म्हणजे १ जानेवारी, ०४५ म्हणजे १४ फेब्रुवारी. एक्स्पायरीच्या आधी ती बघा. आणि तिथली अंडी गावाकडच्यासारखी ओट्यावर टोपलीत ठेवू नका. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेली वापरू नका.

इथे महाराष्ट्रात, गोव्यात राहणाऱ्यांसाठी: आणलेली अंडी धुऊन ठेवायची नाहीत. घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, आणि धुवायचीच असतील तर वापरायच्या आधी लगेच. एकदा फ्रिजमध्ये ठेवली की तिथेच राहू द्या, आत-बाहेर नको. शक्यतो फ्रिजच्या दारात ठेवू नका, कारण दार दिवसातून वीस वेळा उघडतं. तडकलेलं अंडं स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. आणि घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल, तर बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. कारण थंडी जिवाणूंना फक्त थांबवते. मारायचं काम शेवटी आपल्या तव्यावरच होतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे अंडी कशी ठेवतात, आणि या भागाबद्दल काही प्रश्न असतील तर नक्की लिहून पाठवा. आणि घरात जो कोणी आणल्या-आणल्या अंडी नळाखाली धरतो, त्याला हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या भागात!