आधी जनुकाचं नाव
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय 'मूळपेशी आणि आनुवंशिक अंधत्वावरचे उपचार'. समोर रुग्णांची काही कुटुंबं बसलेली दिसताहेत, म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकारांत मूळपेशींनी आजवर सगळ्यात मोठं काम केलंय ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. त्या कामाचा फायदा तुमच्या घरापर्यंत यायचा असेल, तर घरातल्या विकाराचं जनुक कोणतं हे आधी कळायला हवं. इंजेक्शन कुठे मिळतं, हा प्रश्न त्याच्या फार नंतरचा.

पेशी, गुणसूत्रं, जनुकं हे सगळं आपण शाळेत शिकलोय. जपानच्या शिन्या यामानाकांनी २००६ साली उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतल्या पेशींना चार जनुकं देऊन पुन्हा मूळपेशींच्या, म्हणजे कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या, अवस्थेत नेलं, २०१२मध्ये त्यांना नोबेल मिळालं, हेही वाचलेलं असेल. पुढे जाऊ.

आपण सरसकट ज्याला रातांधळेपणा म्हणतो, त्यात दोन अगदी वेगळे आजार मिसळलेले असतात. एक अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा, तो बरा होतो. दुसरा रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात दृष्टिपटलातल्या प्रकाशग्राही पेशी हळूहळू मरतात. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं जातं, शेवटी समोरचं. जगात साधारण चार हजारांत एकाला हा विकार असतो, असं पुस्तकात असतं. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा साडेसातशेत एक, एवढं प्रमाण आढळलं. आपल्याकडे नात्यात लग्नं होतात, हे त्याचं एक कारण असू शकतं. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्यांनी लगेच बायकोकडे बघू नये. (हशा) हसलात, बरं वाटलं. पण अशा घरांत मुलाला दिसेनासं झालं की बोल आईला लावला जातो. अशा बहुतेक घरांत जनुकाची सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडून एकेक आलेली असते. हे घरी जाऊन जरूर सांगा.

आता बशीकडे येतो. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकारांमागची अडीचशेहून जास्त जनुकं सापडली आहेत. पण जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचा तुकडा काढून तपासता येत नाही, आणि रोग तर तिथेच असतो. जपानच्या योशिकी सासाई यांच्या गटाने २०११मध्ये उंदराच्या आणि २०१२मध्ये माणसाच्या मूळपेशींपासून बशीत डोळ्याचा प्याला, म्हणजे दृष्टिपटल ज्यातून घडतं तो वाटीसारखा भाग, तयार केला. पेशी आपल्या आपण दुमडत गेल्या, त्यांचे थर झाले. रुग्णाच्या त्वचेपासून निघालात तरी तिथवर पोचता येतं. मात्र प्रकाशग्राही पेशी पक्व व्हायला आईच्या पोटात जसे महिने लागतात, तसेच बशीतही लागतात.

एकच उदाहरण देतो, पण ते मला पूर्ण सांगू द्या. सीईपी-२९० नावाचं जनुक आहे. त्याच्या एका दोषात मुलाची दृष्टी जन्मापासून किंवा पहिल्या वर्षभरातच फार क्षीण असते. दोष एका अक्षराचा, तोही जनुकाच्या अशा भागात की जो पेशी एरवी गाळून टाकते. पोथी वाचताना समासातली टीप ओवीत वाचली जावी, तसं होतं आणि पुढचा अर्थच बिघडतो. हा दोष मुलाच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो. मग एकटा डोळाच का जातो? लंडनच्या संशोधकांनी अशा रुग्णाच्या त्वचेपासून बशीत दृष्टिपटल वाढवलं आणि २०१६ साली उत्तर दिलं. त्वचेच्या पेशी चुकीचा मजकूर थोडा वाचतात आणि निभावून नेतात. प्रकाशग्राही पेशी तोच मजकूर कितीतरी जास्त वाचतात. नुसती त्वचा तपासून हे कधीच कळलं नसतं! ती चुकीची जागा झाकणारा रेणू त्यांनी बशीत टाकला, आणि वाचन सुधारलं. पुढे त्याच तत्त्वावरचा रेणू रुग्णांच्या डोळ्यांत दिला गेला, काहींना स्पष्ट फायदा झाला. २०२२मध्ये मोठ्या चाचणीत मात्र ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. काम थांबलेलं नाही. मी याला अपयश म्हणत नाही. रोग कुठे आणि कसा घडतो, हे त्या बशीने दाखवलं ते दाखवलंच.

मागून कुणी विचारतंय, 'हैदराबादला मूळपेशींनी डोळे बरे करतात ना?' करतात, आणि उत्तम करतात. पण एल. व्ही. प्रसाद संस्थेतली ती शस्त्रक्रिया बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची आहे. चुन्याची पुडी डोळ्यात फुटलेल्या मुलांना तिने दृष्टी परत दिली आहे. दृष्टिपटल त्याच्या खूप मागे, मेंदूशी जोडलेलं. तिथली गोष्ट वेगळी.

आत्ताच चिठ्ठी आली, 'डॉक्टर, तुम्ही आशा मोडता.' नाही हो. आशेवर कोण धंदा करतंय, ते मला सांगायचंय. १६ मार्च २०१७च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन लेख आले. एक जपानमधल्या कोबेचा. २०१४ साली मासायो ताकाहाशींच्या गटाने एका वृद्धेच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून बनवलेला पेशींचा थर बसवला होता. आजार वयोमानाने होणारा होता. वर्षभरात दृष्टी सुधारली नाही, बिघडलीही नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसले म्हणून त्यांनी प्रत्यारोपणच केलं नाही. दुसरा लेख फ्लोरिडातल्या तीन वृद्ध स्त्रियांचा. पोटाच्या चरबीतून काढलेल्या 'मूळपेशी' दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. त्यासाठी पाच-पाच हजार डॉलर घेतले, आणि होती तीही दृष्टी फार खालावली. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या नियमांप्रमाणे रक्ताच्या काही विकारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशींचा असा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की उठून या.

दहाच मिनिटं राहिली म्हणताहेत. आनुवंशिक विकारावरच्या प्रत्यारोपणाचं बरंच सांगायचं होतं, एवढंच सांगतो. २०२०मध्ये सुरू झालेल्या चाचणीत कोबेला रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या दोन रुग्णांत बशीत वाढवलेल्या दृष्टिपटलाचे तुकडे बसवले, दोन वर्षं ते सुरक्षित राहिले. दृष्टी परत आली, असा दावा त्यांनी केलेला नाही.

आता उद्या काय करायचं? घरातल्या तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर लिहा. कोणाला केव्हापासून दिसेनासं झालं आणि कोणाची लग्नं नात्यात झाली, तेही त्यात लिहा. ती घेऊन दृष्टिपटलाच्या डॉक्टरांकडे जा आणि रक्ताच्या जनुकीय तपासणीबद्दल विचारा. जनुक आरपीई-६५ निघालं, तर त्यावरच्या जनुकोपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७मध्ये मान्यता मिळालेली आहे. फार महाग आहे, पण आहे. एबीसीए-४ निघालं, म्हणजे बहुधा स्टारगार्ट नावाचा दृष्टिपटलाचा विकार, तर अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद करा. नातेवाईक प्रेमाने आणून देतात, पण या विकारात त्या अपाय करू शकतात. जेवणातलं गाजर खुशाल खा. आणि दिव्यांगत्वाचा दाखला उपचारांची वाट बघत अडवून ठेवू नका, मुलाला शाळेत त्याची आजच गरज आहे.

चिठ्ठ्या बऱ्याच उरल्यात. ज्यांनी तपासणीचे अहवाल सोबत आणलेत, त्यांच्यासाठी मी खाली पहिल्या रांगेत थांबतो.