शिक्षेचे मोजमाप आणि वरिष्ठ न्यायालय

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून मी एक अवघड विषय आपल्यापुढे मांडत आहे. बलात्काराच्या खटल्यात आरोपीला शिक्षा झाली की 'न्याय मिळाला' असे म्हणून आपण घरी जातो. वरच्या कोर्टात त्या शिक्षेचे पुढे काय होते, याची चौकशी आपण करीत नाही. मी वकील नाही, बँकेतला कारकून आहे. आमच्याकडे एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो. अपील ही अशीच तपासणी होय. तो आरोपीचा हक्क आहे आणि असलाच पाहिजे. निरपराध माणूस तुरुंगात जाऊ नये, याचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

परंतु तपासणारा कोणत्या मापाने मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

'मथुरा प्रकरण' आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरविले. १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. बलात्काराला किमान सात वर्षे आणि पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे शिक्षा ठरली. मात्र एक फट राहिली. 'पुरेशी व विशेष कारणे' नोंदवून न्यायालयाला त्याहून कमी शिक्षा देता येत होती.

या फटीतून काय घडले ते पाहा. कर्नाटकात सात-आठ वर्षांच्या बालिकेवर बलात्कार करणाऱ्याला खालच्या कोर्टाने दहा वर्षे दिली. उच्च न्यायालयाने ती चारवर आणली. कारणे कोणती? तो अशिक्षित, दुर्बल घटकातला, दारूच्या आहारी गेलेला आणि घरी त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे! २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा पुन्हा कायम केली. शिक्षेचे माप आरोपीच्या किंवा पीडितेच्या सामाजिक दर्जावर ठरत नाही, ते गुन्ह्याच्या स्वरूपावर ठरते, असे बजावले. मित्रांनो, हे वाक्य आपण लक्षात ठेवले पाहिजे. आपली गरिबी ही आपल्याच लेकीवरील अत्याचाराची सवलत होऊ शकत नाही. ज्यांनी युगानुयुगे दर्जा पाहून दिलेला न्याय भोगला, त्यांनी तरी आपल्या माणसासाठी दर्जाची सवलत मागू नये.

दुसरी फट तडजोडीची. २०११ साली सामूहिक बलात्काराच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच घटना जुनी झाली, उभयपक्षी समझोता झाला, म्हणून शिक्षा भोगलेल्या सुमारे साडेतीन वर्षांवर आणली आणि पन्नास-पन्नास हजार रुपये द्यायला लावले. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मात्र तडजोड हे शिक्षा कमी करण्याचे कारण नव्हे, असे ठरविले. समझोता धाक दाखवूनही करवून घेता येतो, हे गावात राहणाऱ्याला ठाऊक आहे. त्याच वर्षी कायद्यातील ती सवलतही काढून टाकण्यात आली. २०१८ पासून किमान शिक्षा दहा वर्षे आहे. मुलगी सोळा वर्षांखालील असेल तर वीस वर्षे.

तरी एक दार अजून बंदच आहे. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढविता येत नाही. शिक्षा अपुरी वाटली तर वाढीसाठी अपील सरकारने करायचे असते. २००९ च्या अखेरीपासून पीडितेला आरोपी सुटल्यास, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरल्यास किंवा भरपाई अपुरी असल्यास अपील करता येते. पण शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणासाठी तिला अपील नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. म्हणजे तिला सरकारी वकिलांच्या तोंडाकडे पाहावे लागते.

म्हणून आपले कर्तव्य निकालाच्या दिवशी संपत नाही, तेथून सुरू होते. निकालपत्राची नक्कल मिळवा, ती पीडितेच्या घरी वाचून समजावून सांगा, सरकारकडे अपिलासाठी लेखी अर्ज द्या. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही घरोघरी सांगा. आणि तडजोडीची बैठक आपल्या वस्तीत, आपल्या विहारात कधीही होऊ देऊ नका.

कोणी विचारील, धम्म करुणा शिकवतो, मग शिक्षेचा आग्रह कशाला? अंगुलिमाल बदलला, भिक्खू झाला. तरी भिक्षेला गेल्यावर अंगावर पडलेले दगड त्याला सोसावे लागले. ते सोस, ते तुझ्याच कर्माचे फळ आहे, असे तथागतांनीच त्याला सांगितले. करुणा म्हणजे हिशेब पुसणे नव्हे. शिक्षा सूड नसावी, पण ती तिच्या दुःखाइतकी खरी असावी.

विद्यार्थी मित्रांनो, बाबासाहेबांनी कायदा हे आपल्या हाती दिलेले साधन आहे. तुमच्यापैकी काहींनी तरी वकिलीचा अभ्यास करावा आणि वरच्या कोर्टात आपल्या लेकीबाळींच्या बाजूने उभे राहावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जयभीम! नमो बुद्धाय!