रंगाचा दुसरा हात

(नेसरी येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्ते बोलतात. कोणी शिक्षणावर, कोणी शेतीवर, कोणी लग्नकार्यातील अवाजवी खर्चावर. यंदा चालकांनी आम्हांस पाचारण केले आणि विषयाची निवडही आमच्यावर सोपविली. ‘ॲक्रिलिक रंगांनी चित्र काढण्यास प्रारंभ कसा करावा’ हा विषय आम्ही कळविला, तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारले की, आपण घर रंगविण्याविषयी बोलणार काय? त्यांचा दोष नाही. ज्याचा जन्म हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेला, त्याचा आणि चित्रकलेचा संबंध काय, असे कोणासही वाटेल. आम्ही चित्रकार नव्हे; चार वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर ब्रश हाती धरलेले विद्यार्थी आहोत. नवशिक्याच्या चुका नवशिक्यासच ताज्या आठवतात, एवढाच आमचा अधिकार.

प्रथम या रंगांची ओळख करून देतो. तैलरंग वाळण्यास कित्येक दिवस लागतात. जलरंग लवकर वाळतात. परंतु वाळल्यावरही पाण्याचा हात लागला की पुन्हा सुटतात. ॲक्रिलिक रंग या दोहोंहून निराळे. रंगाची पूड एका कृत्रिम राळेच्या अतिसूक्ष्म कणांसह पाण्यात कालवून ते बनवितात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांस चिकटून त्यांचा अखंड पापुद्रा होतो, आणि मग तो पाण्याने विरघळत नाही. पाण्यात मिसळणारे असे रंग अमेरिकेत १९५५ साली ‘लिक्विटेक्स’ या नावाने विक्रीस आले. नागपुरास व मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले थोर चित्रकार सय्यद हैदर रझा यांनीही पुढे तैलरंग मागे ठेवून हेच रंग स्वीकारले. आज ते दुर्मीळ राहिलेले नाहीत. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून आरंभिलेल्या व २०११ पासून जपानच्या कोकुयो कंपनीशी निगडित झालेल्या ‘कॅमलिन’ उद्योगाच्या नळ्या शालोपयोगी वस्तूंच्या दुकानांतूनही मिळतात.

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्या ज्येष्ठ कन्येने शाळेत असता चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन्ही शासकीय परीक्षा वरच्या श्रेणीत दिल्या होत्या. कोल्हापुरास राहून चित्रकला शिकावी, अशी तिची फार इच्छा होती. आम्ही नाही म्हटले. ‘चित्रे काढून चूल पेटते काय?’ हे आमचेच शब्द. तिने वाद घातला नाही. रंगपेटी माळ्यावर गेली आणि ती वाणिज्य शाखेत गेली.

आणि हे आम्ही कोणत्या जिल्ह्यात बसून बोललो? ज्या कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी शाहू महाराजांच्या आश्रयाने चित्रे काढली, कोटितीर्थाच्या परिसरातील झाडे, पाणी आणि ऊन रंगविण्यात आयुष्य वेचले! ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर कलाशाळेची पायरी न चढता नाटकांचे पडदे रंगवीत मोठे झाले आणि १९२० साली ‘सैरंध्री’सारखा चित्रपट काढते झाले! त्यांच्या तसबिरी पाहून आम्ही मान डोलावत असू. परंतु घरातील मुलीचा हात मात्र आम्ही थांबविला. हे आज चारचौघांत कबूल करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. उलट उशीर झाला असेच वाटते.

आम्ही निवृत्त झालो त्या दिवशी तिने रंगांच्या सहा नळ्या, दोन ब्रश आणि जाड कागदाची वही आमच्यापुढे ठेवली. म्हणाली, “अण्णा, आता तुम्हांला सवड आहे. काढून बघा.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. साऱ्या नळ्या ताटलीत सढळ हाताने पिळल्या आणि चहास उठलो. दिवस चैत्राचे. परत येऊन पाहतो तो रंगांवर साय धरलेली आणि ब्रश काडीसारखा ताठ! तेव्हापासून रंग वाटाण्याएवढाच घेतो. ताटलीत ओल्या फडक्याची घडी, तिच्यावर लोणीकागद आणि त्यावर रंग, अशी मांडणी केली म्हणजे तो बराच वेळ ओला राहतो. काम चालू असता ब्रश वाळू देऊ नये. काम संपताच साबणाने धुऊन आडवा ठेवावा. ब्रश ओठांत धरू नये, काही रंग विषारी असतात. अंगात जुना सदरा असावा, कारण वाळलेला डाग कोणत्याही परटास दाद देत नाही.

दुसरी चूक रंगाच्या छटेची. ओला रंग थोडा दुधाळ दिसतो. वाळता वाळता ते दुधाळपण जाते आणि रंग किंचित गडद होतो. आमचे सकाळचे आभाळ त्यामुळे दुपारपर्यंत सायंकाळचे होत असे. यावर उपाय सोपा आहे. कागदाच्या पट्टीवर एक ठिपका द्यावा, तो वाळू द्यावा, आणि मगच चित्रास हात घालावा. तिसरी चूक पाण्याची. फार पाणी घातले तर राळेचा बंध सैल पडतो, म्हणून पाणी बेताने वापरावे. चौथी चूक हौसेची. चार-पाच रंग एकत्र कालवले की चिखलच हाती येतो. पिवळा, तांबडा, निळा, भाजक्या मातीचा तपकिरी, काळा आणि पांढरा एवढे सहा पुष्कळ झाले. पांढरा तेवढा मोठा घ्यावा, तोच आधी संपतो. पिवळ्या-निळ्यातून हिरवा साधतो. त्यात तांबड्याचा कण टाकला की उन्हाळ्यातील डोंगराचा हिरवा मिळतो.

डोंगर म्हणताच आपणा सर्वांस येथील खिंड आठवणार. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती ही भूमी. लहानपणापासून पाहिलेली ती खिंड काढावी, असे आम्ही मनात घेतले. पहिले चित्र पाहून एका आप्तांनी, “गवताची गंजी झकास उतरली आहे,” असा अभिप्राय दिला. दुसऱ्या चित्रात डोंगर उभा राहिला, पण आभाळ त्याच्यावर पडले. तिसरे चित्र आम्ही फाडणार होतो, इतक्यात दिवाळीस आलेल्या कन्येने ते हातातून घेतले. म्हणाली, “फाडू नका अण्णा, आणि पुसायलाही जाऊ नका. पुरते वाळू द्या आणि वरून दुसरा हात द्या.”

हेच या रंगांचे वैशिष्ट्य. खालचा थर वाळला की तो वरच्या थरास गढूळ करीत नाही. चूक पुसली जात नाही, ती खालीच राहते. परंतु तिच्यावर नवे काम करता येते. भिऊन हात आखडणाऱ्या नवशिक्यास याहून मोठा दिलासा कोणता? आम्ही ब्रश तिच्या हाती दिला. इतक्या वर्षांनी तिने खिंडीच्या कडेवर उन्हाची एक पिवळी रेघ ओढली. ते चित्र आज आमच्या सोप्यात आहे. डोंगर आमचा आणि ऊन तिचे. तिची गेलेली वर्षे आम्हांस परत देता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण आता दर सुट्टीत आम्ही दोघे एका ताटलीतून रंग घेतो.

म्हणून मंडळास आमची नम्र विनंती आहे. दरवर्षी आपण शालान्त परीक्षेतील गुणवंतांचा सत्कार करतो, तो अवश्य करावा. त्यातच चित्रकलेच्या शासकीय परीक्षांत यश मिळविणाऱ्या मुलामुलींची नावेही पुकारावीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक लांब मेज, पाण्याच्या दोन बादल्या आणि थोडे रंग यांची सोय करावी. तेथे मुलांबरोबर आमच्यासारख्या निवृत्तांनीही बसावे. आरंभीच्या रंगांचा खर्च देण्यास आम्ही सिद्ध आहोत. आणि पालकांस एवढेच सांगणे की, मुलाने रंग मागितले तर ‘चूल पेटते काय’ असे विचारण्यापूर्वी त्याने काढलेले चित्र एकदा तरी पाहावे. आम्ही ते पाहिले नव्हते.