काटा पुढच्या अर्ध्या तासावर

(नभोवाणीवरील भाषण)



पुण्यात वाढलेल्या माणसाला पार्किंगचं शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही. सम तारखेला रस्त्याच्या या अंगाला, विषम तारखेला त्या अंगाला, हे त्याला पाढ्यांबरोबरच येतं. फाटकावर 'गाडी लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल' असं लिहिलेलं असलं, की हवा खरंच सोडतात, हेही त्याला अनुभवानं ठाऊक असतं. एवढी तयारी असूनही नेकारसुल्मला राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एका पुठ्ठ्याच्या घड्याळानं माझी विकेट काढली.

नेकारसुल्म हे दक्षिण जर्मनीतलं, हाइलब्रोनच्या शेजारचं गाव. नेकार नदीला सुल्म नावाची छोटी नदी इथे येऊन मिळते, म्हणून हे नाव. राज्याची राजधानी स्टुटगार्ट, म्हणजे 1968 पासूनचं आपल्या मुंबईचं भगिनी-शहर. गावाची वस्ती सुमारे 27 हजार आणि एकट्या ऑडीच्या कारखान्यात सुमारे 15 हजार माणसं कामाला. त्याआधी इथे 'एनएसयू' कंपनी होती. गावाच्याच नावातली तीन अक्षरं उचलून तिचं बारसं झालेलं. विणकामाच्या यंत्रांपासून सुरुवात करून ती सायकली, मोटारसायकली आणि मोटारींपर्यंत पोहोचली, आणि 1969 मध्ये ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. अशा गावात गाडी बनवणं सोपं, लावणं अवघड, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

मी राहतो तो भाग आमोरबाख, युद्धानंतर वसलेलं उपनगर. एका सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी खरेदीला गेलो. पाटीवर निळ्या घड्याळाचं चित्र आणि खाली 'एक तास' असं लिहिलेलं. हे घड्याळ म्हणजे 'पार्कशाइबे'. अकरा सेंटिमीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच, रंग निळा. हे मापसुद्धा कायद्यानं ठरवलेलं आहे. आल्याची वेळ आपणच लावायची आणि ते काचेमागे दिसेल असं ठेवायचं. पैसे नाहीत, पावती नाही. मी प्रामाणिकपणे काटा दहा वाजून पाचवर आणला. शेजारच्या आजी तिथेच होत्या. त्या काचेतून डोकावल्या आणि हसल्या. म्हणाल्या, "पंचवीस मिनिटं फुकट घालवलीस की!"

नियम असा, की काटा पुढच्या अर्ध्या तासाच्या खुणेवर ठेवायचा. दहा पाचला आलात, तर साडेदहावर. तुमचा तास साडेदहाला सुरू होतो आणि साडेअकराला संपतो. वरची पंचवीस मिनिटं कायद्यानं आपणहून पदरात टाकलेली. मात्र साडेअकराला धावत येऊन काटा बारावर सरकवला, तर ती लबाडी. गाडी काढून खरोखर कुठे जाऊन आलात, तर गोष्ट वेगळी. घड्याळ ठेवायलाच विसरलात किंवा वेळ उलटून गेली, तर दंड 20 युरोपासून 40 युरोपर्यंत.

मला यातली गंमत नंतर कळली. सरकार तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं, वर थोडं मापही जास्त घालतं, आणि मग तपासायला माणूस पाठवतं. तिथले बरेचसे नियम याच चालीचे आहेत.

आपलं लाडकं वाक्य घ्या: "दोन मिनिटांत आलोच!" तिथे गाडी सोडून गेलात, किंवा तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबलात, की ते पार्किंगच. कोपऱ्यापासून पाच मीटर जागा मोकळी सोडायची. शेजारून सायकलमार्ग जात असेल तर आठ. कारण कोपऱ्यावर उभ्या गाडीमागून रस्ता ओलांडणारं पोर दिसत नाही आणि अग्निशमन दलाचा बंब वळत नाही. गाडी उजव्या कडेला, रहदारीच्या दिशेलाच तोंड करून लावायची. समोर मोकळी जागा दिसली म्हणून आडवं घुसून उलट्या तोंडानं लावायची नाही. फूटपाथवर चढवलीत, तर 55 युरो. अरुंद गल्लीत कुणाच्या फाटकासमोरच नव्हे, तर फाटकाच्या पलीकडच्या बाजूलाही लावायची नाही, कारण त्याला गाडी वळवून बाहेर काढायची असते. घर आणि चेंडू खेळणारं मूल असं चित्र असलेली निळी पाटी दिसली, की गाडी पायी चालण्याच्या वेगानं न्यायची आणि आखलेल्या चौकटीतच लावायची.

एक खूण मला फार आवडते. काही दिव्याच्या खांबांवर पांढऱ्या कडांचा लाल पट्टा असतो. त्याचा अर्थ, हा दिवा रात्रभर जळणार नाही. तिथे अंधारात गाडी ठेवायची, तर तिचा स्वतःचा दिवा लावून ठेवा. त्यासाठी रस्त्याकडच्या बाजूचाच बारीक दिवा लावायची सोय जर्मन गाड्यांत असते. गाडी बंद करून इंडिकेटरची दांडी एका बाजूला ढकलली, की तो लागतो. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, की गाडी बिघडली.

आता सुट्टीवर येणाऱ्यांसाठी. कुणी घर बदलणार असेल, तर नगरपालिकेच्या परवानगीनं रस्त्यावर तात्पुरत्या 'गाडी लावू नये' अशा पाट्या लागतात. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं, की पाटी लागल्यावर पूर्ण तीन दिवस द्यावे लागतील. चौथ्या दिवशी गाडी उचलली, तर खर्च मालकाचा. तुम्ही तेव्हा कोल्हापुरात दिवाळीचा फराळ करत असलात, तरीही. म्हणून गावाला निघताना किल्ली शेजाऱ्याकडे द्या. आमची त्याच आजींकडे असते.

किल्ली ठेवून घेणारा शेजारी मिळवायचा, तर जिन्यापासून सुरुवात करावी लागते. एखाद्या सकाळी तुमच्या दारावर 'केरवोखे' अशी पाटी लटकलेली दिसेल. घाबरू नका. या आठवड्यात जिना आणि अंगणापुढचा भाग झाडायची पाळी तुमची. आठवडा संपला, की पाटी पुढच्या दारावर. चाळीत राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणा. काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायला रविवारी जाऊ नका, त्यांचा खळखळाट सगळ्या गल्लीला ऐकू जातो. रात्री दहानंतर मिक्सर नको. चटणी आधी वाटून ठेवा.

कागदपत्रांचं दोन वाक्यांत सांगतो. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. भारतीय लायसन्स सहा महिने चालतं. पुढे तिथली लेखी आणि गाडी चालवण्याची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ही गोष्ट पाचव्या महिन्यात आठवून उपयोग नसतो.

श्रोतेहो, तुमच्या घरातलं कुणी तिकडे निघालं असेल, तर मेतकूट, लोणचं तुम्ही देणारच आहात. निळं घड्याळ देऊ नका, ते तिथल्या कुठल्याही पेट्रोलपंपावर मिळतं. काटा कुठे ठेवायचा, एवढं मात्र सांगून पाठवा.