काळ्या फोटोची उलटतपासणी

संगणकाच्या पडद्यावर जे दिसतं त्याचा फोटो काढता येतो. हेच काम ठरलेल्या वेळी आपोआप करणारी छोटी आज्ञावली म्हणजे मॅक्रो.

दापोडीजवळच्या एका लहान कारखान्यात मी हिशेब लिहितो. तिथं भट्टीचं तापमान पडद्यावर उमटतं आणि मॅक्रो दर पंधरा मिनिटांनी त्याचा फोटो साठवतो. माल घेणाऱ्यांना तो पुरावा लागतो. एकदा रात्रपाळीचे फोटो काळे निघू लागले. दिवसाचे मात्र ठीक. मग बोट रात्रपाळीच्या पोराकडे वळलं. पडदा बंद करून झोपत असेल, त्याचा पगार कापा, अशी भाषा सुरू झाली.

आमच्या दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, त्यामुळं मिस्त्रीकाम आम्हांला नवं नाही. गाडी सुरू होईना तर बॅटरी, स्टार्टर, डिझेल असं एकेक पाहायचं. तसंच इथंही केलं. आधी मॉनिटरचं बटण बंद करून पाहिलं. फोटो स्वच्छ आला, कारण चित्र संगणकात तयार होतं, मॉनिटर ते फक्त दाखवतो. मग कीबोर्ड-माऊसला कुणी हात लावला नाही. काही मिनिटांनी विंडोजनं स्वतःच कुलूप लावलं आणि पुढचा फोटो काळा! कुलूपबंद पडद्यामागचं चित्र मॅक्रोला मिळत नाही. दिवसा कुणी ना कुणी माऊस हलवतं, रात्री पोरगा भट्टीपाशी असतो. म्हणजे तो काम करत होता म्हणूनच फोटो काळे येत होते! त्या संगणकाचं आपोआप लागणारं कुलूप काढलं, खोलीला मात्र लावलं.

अशा आणखी खोडी असतात. फोटो क्लिपबोर्डवर पोचण्याआधीच मॅक्रो चिकटवायला धावला, तर जुनाच फोटो पुन्हा साठतो. क्षणभर थांबायला सांगावं. फाइलच्या नावात वेळ लिहिताना विसर्गासारखं चिन्ह विंडोजला चालत नाही; तिथं आडवी रेघ द्यावी.

आमच्या घरच्या दखनीत साक्षीदाराला गवाह म्हणतात. यंत्राचा फोटोही गवाहच. त्याच्या भरवशावर कुणाची भाकर काढून घेण्याआधी त्याची उलटतपासणी व्हायला हवी.