रीत ठरवा, पण लिहून ठेवा



केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम 106 जेमतेम एका वाक्याचे आहे. अ‍ॅडव्हान्स रूलिंगचे प्राधिकरण आणि त्यावरचे अपिलीय प्राधिकरण यांना कायद्याच्या त्या प्रकरणातल्या तरतुदींच्या अधीन राहून आपली कार्यपद्धती आपणच ठरवता येईल, एवढेच ते सांगते. आपल्या चर्चासत्रांत वाद होतात ते दरांवर आणि क्रेडिटवर. या वाक्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. हा अधिकार काढून घ्यावा असे मी म्हणणार नाही. तो वापरून जी काही रीत ठरते ती लेखी आणि जाहीर असली पाहिजे, एवढा एकच मुद्दा मला मांडायचा आहे.

ही रीत का महत्त्वाची, ते पाहायला धानाचेच घ्या. धानाची भरडाई शेतीच्या कामात मोडत नाही, तिच्यावर 5 टक्के कर आहे, असे 20 नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकाने सांगितले. रेशनसाठी राज्य सरकारला करून दिलेल्या भरडाईत मालाचा वाटा एकूण मूल्याच्या 25 टक्क्यांवर जात नसेल तर माफी, असे 17 जून 2021 च्या परिपत्रकात आले. आता हा वाटा मोजताना फोर्टिफिकेशनचे साहित्य आणि बारदाना कोणत्या भावाने धरायचा? कोंडा आणि कनकी मिलरकडेच राहिली तर त्यांची किंमत मोबदल्यात मिळवायची का? या उत्तरांवर माफी टिकायची की जायची ते ठरते. असे प्रश्न आधीच विचारता यावेत म्हणून तर कलम 97 आहे. नमुना एआरए-01 भरायचा, केंद्र आणि राज्य अशा दोन्ही कायद्यांखाली पाच-पाच हजार रुपये शुल्क भरायचे आणि निर्णयाची वाट पाहायची. प्राधिकरण मुंबईत. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने अख्खी रात्र जाते.

कायद्याने काही गोष्टी बांधून दिल्या आहेत, हे खरे. अर्जाची प्रत संबंधित अधिकाऱ्याकडे जाते, अर्ज फेटाळण्यापूर्वी अर्जदाराचे ऐकावे लागते, निर्णय 90 दिवसांत द्यायचा असतो. त्या पलीकडे या प्रकरणात फारसे काही सापडत नाही. अधिकाऱ्याचे लेखी म्हणणे अर्जदाराला सुनावणीच्या किती दिवस आधी मिळावे? अर्ज मागे घेता येतो का, आणि कोणत्या टप्प्यापर्यंत? केंद्राचा एक आणि राज्याचा एक अशा दोन सदस्यांपैकी एकाची मध्येच बदली झाली तर युक्तिवाद पुन्हा ऐकायचा का? या प्रश्नांची उत्तरे प्राधिकरणाच्या वहिवाटीत असतात. तिथे रोज उभ्या राहणाऱ्या वकिलाला ती पाठ असतात. आमगाव किंवा देवरीच्या मिलरला मात्र ती तारीख चुकल्यावर कळतात, आणि एकदा चुकलेल्या तारखेसाठी पुन्हा तिकीट काढावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा, की नियम लिहिले की प्राधिकरणाचे दिवाणी न्यायालय होईल आणि 90 दिवसांची नऊ वर्षे होतील. भीती खोटी नाही. मुदतवाढीच्या अर्जांनीच फाइल जाड करण्यात आपल्या व्यवसायाचाही हात आहे. पण आयकराचा दाखला समोर आहे. 1993 मध्ये आलेल्या तिथल्या प्राधिकरणाला कलम 245व्हीने हीच मोकळीक दिली होती, आणि 1996 मध्ये त्याच्या कार्यपद्धतीचे नियम छापून आले. म्हणजे मोकळीक आणि छापील नियम एकत्र नांदू शकतात. 2021 मध्ये ते प्राधिकरण जाऊन मंडळ आले, पण म्हणून हा दाखला बाद होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. रूलिंग कलम 103 प्रमाणे फक्त अर्जदार आणि त्याच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक, आणि नैसर्गिक न्याय डावलला गेला तर उच्च न्यायालय आहेच. मग एवढा आटापिटा कशाला? उच्च न्यायालय आहे, हे मान्य. आयकराच्या प्राधिकरणाविरुद्धही आधी तिथेच जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कोलंबिया स्पोर्ट्सवेअर प्रकरणात सांगितले होते. आपल्याला नागपूर खंडपीठही जवळ आहे. पण दहा हजारांत शंका फिटावी म्हणून निघालेल्या माणसाला रिट याचिकेचा रस्ता दाखवणे म्हणजे तापावर औषध मागणाऱ्याला शस्त्रक्रियेची तारीख देणे. शिवाय रूलिंग एकट्यापुरते असले तरी त्यासाठी वापरलेली रीत पुढच्या प्रत्येक अर्जदाराच्या वाट्याला येते.

म्हणून दुपारच्या सत्रात एक ठराव येईल. अधिकाऱ्याचे म्हणणे सुनावणीच्या किमान सात दिवस आधी अर्जदाराच्या हाती पडावे. दूरच्या जिल्ह्यांतल्या अर्जदाराला व्हिडिओ सुनावणी हक्काने मागता यावी. सदस्य बदलल्यास युक्तिवाद पुन्हा ऐकला जावा. आणि हे सारे मराठीत छापून जिल्ह्याच्या जीएसटी कार्यालयातल्या फलकावर लागावे. सात दिवसांऐवजी दहा हवेत, असे काहींचे मत आहे. त्यावर दुपारी मोकळेपणाने बोलू.